येतो म्हणा, नाहीतर पाणी प्या

कित्येक वर्षं आमच्या घरातून कोणीही 'जातो' म्हणून गेलं नाही, कारण मी जाऊच दिलं नाही.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोणी चुकून 'जातो' म्हणालंच, तर घरातली एखादी बाई टोकते, तो माणूस जीभ चावतो, 'येतो, येतो' म्हणतो आणि गाडीला किक मारतो. विषय संपला. माझ्याकडं मात्र विषय तिथून सुरू व्हायचा.

आमचे हे बुलढाण्यातच एका कचेरीत बाबू आहेत. एका सकाळी दारात चपला सरकवत ते म्हणाले, "चला, जातो मी." रोजच म्हणायचे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात, माझ्याच आवाजात, स्वच्छ शब्दांत एक वाक्य आलं: 'गेला हा माणूस. आता याचं मढंच येईल घरी.' हातातलं लाटणं खाली पडलं. आमचं भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, उलट आदल्याच दिवशी त्यांनी मला न सांगता नवा मिक्सर आणला होता. अशा माणसाचं मढं मला का दिसावं? मी पिठाच्या हातानं फाटकापर्यंत धावले, त्यांना ओढून आत आणलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि देवाकडं तोंड करून 'येतो' म्हणायला लावलं. ते म्हणाले. जिवाला इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिथंच मी फसले.

कारण दुसऱ्या दिवशी ते मेलं वाक्य पुन्हा आलं, आणि तेही नेमकं हे 'येतो' म्हणत असताना. म्हणजे ते 'येतो' बाद. पुन्हा बसा, पुन्हा पाणी, पुन्हा 'येतो'. नियम असा झाला, की त्यांच्या तोंडात 'येतो' असताना माझं डोकं कोरं पाहिजे. आणि डोकं एवढं नालायक, की भाजीत मीठ टाकलं का ते आठवणार नाही, पण त्या एका क्षणाला 'मढं' म्हणायला हजर! हे बिचारे पोटात डचमळतं पाणी घेऊन कचेरीला निघायचे आणि वाटेत स्कूटर थांबवत जायचे. कशासाठी, ते सांगायला नको.

"अवं, याले शुगर झाली म्हणून राह्यले सारे ऑफिसात," ते एकदा कळवळून म्हणाले.

ते वाक्य काय आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. 'अपशकुन होतो' एवढंच सांगायची. कारण मला दोनच गोष्टी शक्य वाटत होत्या. एक तर मी काळ्या जिभेची, माझ्या मनात आलं की ते घडणार. नाहीतर मनाच्या तळाशी मलाच हा माणूस नकोसा झालाय. पहिलं खरं असलं तर मी चेटकीण, दुसरं असलं तर हरामखोर. यातलं कोणतं नवऱ्याला सांगायचं?

हळूहळू नियम सगळ्यांना लागू झाला. गॅस सिलिंडरवाला रिकामी टाकी खांद्यावर घेऊन 'जातो वैनी' म्हणाला, की टाकी खाली ठेव, बस, पाणी पी. मीटरचं रीडिंग घेणारा, केबलवाला, साड्या विकणारी बाई, कोणाची सुटका नाही. नगरसेवकाच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला आणि जाताना म्हणाला, "जातो ताई, लक्ष असू द्या." त्याला मी इतक्या वेळा बसवलं-उठवलं, की त्याच्या कार्यकर्त्यांना वाटलं बाई ओवाळून राह्यली. तो पडला. गल्लीत मात्र सगळ्यांना पाठ झालं, त्या घरातून निघताना येतो म्हणा, नाहीतर पाणी प्या.

माझी शाळा देऊळघाटला. रोजचं अपडाऊन. सुटीची घंटा झाली की पोरं 'जातो मॅडम' म्हणून उधळायची. आता वर्गातल्या प्रत्येकाला पाणी पाजायचं म्हणजे टाकी कमी पडली असती. म्हणून मी सगळ्यांना ओळीत उभं करून एका सुरात 'येतो मॅडम' म्हणायला शिकवलं, आणि माझं डोकं कोरं राहीपर्यंत म्हणवून घेऊ लागले. ते शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी पाहिलं. त्यांना ते फार आवडलं. संस्कारांचा अभिनव उपक्रम म्हणून त्यांनी इतर शाळांनाही कळवलं. माझं दुखणं त्या वर्षी आमच्या सगळ्या केंद्रात राबवलं गेलं.

सासूबाई तर खूशच होत्या. "सूनबाई आता वळणावर आली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि तो येणारा-जाणारा पाण्याचा पेला हातात घेऊन मान हलवायचा.

या सगळ्यात भरडली गेली माझी मुलगी. एकुलती एक. कॉलेजात जायची तेव्हापासून त्या खुर्चीवर सगळ्यात जास्त तीच बसली असेल. रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून ती लॅब टेक्निशियन झाली, आणि अकोल्याला एका लॅबमध्ये तिला मुलाखतीला बोलावलं. सकाळी ती निघाली, 'येते आई' म्हणाली, आणि माझ्या डोक्यात ते आलं. मी तिला फाटकातून परत आणलं. मग कोपऱ्यावरून. मग बसस्टँडवर पोचल्यावर फोन करून. ती आली. रडत आली, पण आली. ती गाडी गेली, पुढची मिळाली, आणि ती पोचली तेव्हा तिथं मुलाखती आटोपून शिपाई खुर्च्या उचलत होता.

संध्याकाळी ती घरी येऊन माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, पुढच्या टायमाले मी निघीन, अन् तू बलावलं तर मी वापस येईन. तुले नाही म्हणणं मले जमत नाही. पण मंग मी कुठंच जाणार नाही, कधीच. इथंच राहीन तुह्यासमोर, पाणी पीत."

मी म्हटलं, "नाही बलावणार." आणि लगेच विचारलं, "पण तू नीट म्हणलं होतं ना 'येते'?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवसापासून मला एकच धाक होता, की पोरीला पुढची नोकरी लागेल आणि मी ती खाऊन टाकीन.

अशात यांचे लांबचे मामा अमडापूरला वारले. लांबचे म्हणजे इतके लांबचे, की मी त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, एका लग्नाच्या पंगतीत, बुंदी कडक आहे म्हणून वाढप्याला झापताना. तरी बसायला जायला पाहिजे म्हणून आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. ओसरीत मामी भिंतीला टेकून बसलेल्या, बाजूला बाया. थोडं बसलो, काय झालं होतं, कसं झालं होतं, ते ऐकलं. मग एकेक जण उठून निघू लागला. आणि माझ्या लक्षात आलं की मी मेले.

कारण दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. गुमान उठायचं आणि चालू लागायचं. तिथं 'येतो' म्हणणं म्हणजे पुन्हा असंच बसायला येतो असं म्हणणं, म्हणजे त्या घरात आणखी एकाची तिरडी बांधणं. आणि मला तर 'येते' म्हटल्याशिवाय कुठूनही हलता येत नव्हतं. म्हटलं तरी कोणीतरी मरणार, नाही म्हटलं तरी कोणीतरी मरणार. मी अर्धी उठले आणि परत बसले.

ह्यांनी दारातून खुणावलं. मी मान खाली घातली. बाया गेल्या, दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. मी आपली बसलेली. इतका वेळ बसून घाबरून मला रडू फुटलं, तेव्हा तर सगळं ओमफस्स झालं. बाहेरगावाहून आलेल्या बाया आधी माझ्याच गळ्यात पडू लागल्या. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नको रडू माय, सोन्यासारखा माणूस होता." मामी भिंतीला टेकून हे सगळं पाहत होत्या. त्यांचे डोळे हळूहळू कोरडे झाले.

"हे येत होते काय वं तुमच्या घरी?" त्यांनी विचारलं.

"नाही मामी. कधीच नाही."

"मंग तू त्याहिले कुठं भेटत होती?"

"भेटत नव्हती मामी. लग्नात पाह्यलं होतं फक्त. पंगतीत."

"पंगतीत पाहून इतकं रडतात काय?"

दिवस मावळला तेव्हा मामींनी हातच टेकले आणि खास वऱ्हाडी तिरकसपणानं म्हणाल्या, "आता तेरवी करूनच जाय मंग." आणि मला त्यात सुटका दिसली! तेरवी झाली, गोड जेवण झालं, की सुतक फिटतं, आणि मग 'येते' म्हणायला हरकत नसते. मी खरंच थांबले. यांना घरी पाठवून दिलं, शाळेत रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं निकटच्या नातेवाइकाचे निधन. त्या घरातली भांडी घासली, धान्य निवडलं, भेटायला येणाऱ्यांना मामांच्या शेवटच्या दुखण्याची साद्यंत हकीकत मीच सांगू लागले, कारण ती ऐकून ऐकून मला तोंडपाठ झाली होती. गावात कुजबुज काय झाली असेल ते मी आजवर विचारलं नाही.

तेरवीच्या जेवणाला हे आणि मुलगी दोघं आले. पानं उठली. मी पदर सावरून मामींसमोर उभी राहिले आणि एवढे दिवस साठवलेलं 'येते मामी' खणखणीत आवाजात म्हणाले. डोकं कोरं होतं. पहिल्याच फटक्यात! मामींनी हात जोडले.

"नको येऊ बाई," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधीच नको येऊ."

फाटकाबाहेर मुलगी म्हणाली, "आई, मले नागपूरले नोकरी लागली. दिवाळी झाली की जायचं आहे. अन् उद्या आपण डॉक्टरकडं जाऊन राह्यलो." नाही म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा ओसीडी आहे. मला राग आला. म्हटलं, "ते तर सारखे हात धुणाऱ्यांना होते ना? मी तर हात जेवढ्यास तेवढे धुते."

"तुम्ही हात नाही धूत, माणसं धुता," त्या म्हणाल्या. "मनात नेमकं काय येतं ते सांगा. जसं येतं तसं."

मी यांना आणि मुलीला बाहेर घालवलं. डोळे मिटले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून काढलं, मढ्यासकट, आणि छत कोसळायची वाट पाहत बसले. डोळे उघडले तर बाई पेनाचं टोपण शोधत होत्या.

"आणि?" त्यांनी विचारलं.

"आणि काय? एवढंच."

"अहो, असं सगळ्यांना येतं. बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहिले की माझ्या मनात येतं, आता हे खाली टाकलं तर?"

माझ्या अंगावर काटा आला. "अन् मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. आत येते, चहा ठेवते."

माझं डोकंच फिरलं. इकडं मी सगळ्या गल्लीला पाणी पाजून पाजून थकले, आणि ही बाई चहा पिते! मी तसं तोंडावर बोललेही. त्या हसल्या आणि मग नीट समजावून सांगितलं. मन म्हणजे काही इच्छांचं गोदाम नाही, त्यात वाटेल तो कचरा उडून येतो. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याच्याबद्दलचंच वाईट डोक्यात रुतून बसतं, कारण तिथंच आपण दचकतो. राक्षसाला असला विचार आला तर तो कशाला घाबरेल? विचार आला म्हणून कोणी मरत नाही आणि 'येतो' म्हटलं म्हणून कोणी वाचत नाही. पण पाणी पाजलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच रोग पोसला जातो.

म्हणजे मी चेटकीण नव्हते आणि हरामखोरही नव्हते. खुर्चीत बसल्या बसल्या मी हमसून हमसून रडले. या रडण्याला तरी कारण होतं.

उपचार मात्र भलताच. एक गोळी, तिथवर ठीक. पण बाकीचं ऐका. मीच माणसाला 'जा' म्हणायचं. मग डोक्यात जे यायचं ते येऊ द्यायचं, त्याला हाकलायचं नाही, छाती धडधडली तर धडधडू द्यायची, आणि ती आपोआप शांत होईपर्यंत काही म्हणजे काही करायचं नाही. घरच्यांना वेगळा हुकूम होता. मी 'काही होणार नाही ना?' असं विचारलं, तर त्यांनी 'नाही' म्हणून धीर द्यायचा नाही. 'माहीत नाही' म्हणायचं.

"ते जमते मले," हे लगेच म्हणाले. "ऑफिसात दिवसभर तेच म्हणतो."

घरी सासूबाईंनी मोडता घातला. वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं अभद्र घरात बोलायचं नाही, बोलायचं तर बाहेर जाऊन बोला. म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर देऊळघाटच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली स्कूटर लावायचो. हे रस्त्यानं चालू लागायचे आणि मी मागून ओरडायचे, "जा! मढं येऊ द्या तुमचं!" ते वळून विचारायचे, "पुरे काय?" मी म्हणायचे, "अजून पुढं जा!" छाती अशी धडधडायची की लिंबाला धरून उभी राहायचे.

एके दिवशी सायकलवरून एक म्हातारबुवा आले. त्यांनी हे ऐकलं, सायकल टाकून दिली आणि यांना हाताला धरून परत माझ्याकडं आणलं. "बाई, असं बोलू नये. संसारात होते कमीजास्त. यानं दारू सोडली तर ठेवतं काय याले?" हे कधी सुपारीसुद्धा खात नाहीत. आम्ही दोघं त्या आजोबांपुढं माना घालून उभे. ह्यांनी दारू सोडायचं कबूल करून टाकलं. आजोबा समाधानानं सायकलवर चढले आणि म्हणाले, "बरं, जातो मी."

जातो! माझा हात वर उठला. तोंडात 'अहो आजोबा' आलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात खाली घेतला. सायकल पार वळणापलीकडं गेली. रात्री जेवताना मी यांना विचारलं, "पोचले असतील ना हो ते?" हे म्हणाले, "माहीत नाही." मला भयंकर संताप आला, आणि मग भूक लागली.

असं सगळं मार्गी लागत होतं आणि दिवाळी जवळ येत होती. तेवढ्यात एक दिवस मी शाळेतून आले, तर सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यातून फोन होता. डाक्टरीणबाई म्हणे, गोळी वाढवा."

सासूबाईंच्या तोंडात अशुभ शब्द नाही. त्यांच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. कुंकू संपत नाही, वाढतं. एवढी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढलेली, माझ्याही डोक्यात दुसरा अर्थ शिरला नाही. मी आनंदानं रडायची बाकी राहिले. म्हणजे मी बरी झाले! गोळ्यांचं पाकीट देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि गोळी वाढवली. सासूबाईंनी शिरा केला.

त्या शिऱ्याची चव जाते न जाते तोच ते वाक्य परत आलं, आणि आलं ते सगळं बिऱ्हाड घेऊन आलं. प्लॅस्टिकची खुर्ची पुन्हा दारात. सिलिंडरवाला टाकी फाटकाबाहेरच ठेवून पळू लागला. मुलगी बॅग भरत होती आणि मी तिच्याकडं बघितलं की ती नजर चुकवत होती. तिनं भरलेल्या बॅगेतून दोन ड्रेस काढून परत कपाटात ठेवलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना गाठला.

"गोळी वाढवली ना?" मॅडमनी विचारलं.

"हो, त्याच दिवशी."

"आणि तरी त्रास जास्त?"

"लय जास्त."

"मग आणखी वाढवू या."

"आता काय वाढवता मॅडम? काही उरलंच नाही वाढवायला."

"सध्या किती घेताय?"

"वाढवली म्हटलं ना? एकही नाही!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग यांनी बांगडी आणि नारळ मधे घालून खुलासा केला. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले, आणि डोळे पुसून झाल्यावर मला अशा झापल्या की मी वर्गातल्या पोरासारखी उभी राहिले. गोळी अशी मनानं बंद करायची नसते, हळूहळू सोडवायची असते, तीही त्यांनी सांगितल्यावर. मग गोळी पुन्हा सुरू झाली, लिंबाखालचं ओरडणं पुन्हा सुरू झालं. पण मधले दिवस हातचे गेले होते आणि नागपूर थांबणार नव्हतं.

मुलीचा जायचा दिवस आला तेव्हा मी अर्धी-मुर्धीच बरी होते. हे तिला स्टँडवर सोडायला निघाले. सासूबाईंनी हातावर दही दिलं. ती बॅग खांद्याला लावून फाटकात उभी राहिली, माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाली, "जाते आई."

मी म्हटलं, "जा."

ते आलंच. पोरीचं नाव घेऊन आलं, पांढऱ्या कापडासकट आलं. स्कूटर कोपऱ्यावर वळली. फोन माझ्या हातात होता. मी पायरीवर बसले. छाती फुटते की काय असं झालं, कानात गरम गरम वाटू लागलं, आणि मी बसून राहिले. हे स्टँडवरून परत आले, म्हणाले गाडी वेळेवर निघाली. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग केव्हातरी लक्षात आलं, की आपण मघापासून समोरच्यांच्या कुत्र्याकडं पाहतोय आणि त्याला गोचिड्या झाल्यात असा विचार करतोय. म्हणजे उतरलं होतं. मी जिंकले होते! एकटीच फिसकन् हसले. सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन?"

दुपारी मुलीचा फोन आला. गाडी डोणगावला थांबली होती, मागं भजेवाल्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

"आई," ती म्हणाली. "मी निंघतानी काय म्हणली होती? 'येते' म्हणली का 'जाते'?"

मला वाटलं ती माझी परीक्षा घेतेय. म्हटलं, "काऊन?"

"आठवून नाही राह्यलं. मेहकरपासून आठवून पाहून राह्यली. उगाच बाबाचं काहीबाही मनात येऊन राह्यलं. तू फक्त सांग ना, काय म्हणली होती मी."

मी पुन्हा पायरीवर बसले. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता, माझाच होता. आजवर मी मला काय होतं याचाच हिशेब करत बसले होते. पण त्या खुर्चीवर कोण बसलं होतं? ते पाणी कोणाच्या पोटात गेलं होतं? ती चिमुकली वेणी घालून शाळेत जायची तेव्हा हा रोग नव्हता, पण कॉलेजची सगळी वर्षं दाराशी उभं राहून ती माझ्या तोंडाकडं पाहायची, आईचं डोकं कोरं झालं का ते. माझी पोर! मला वाटलं आत्ता सांगून टाकावं, दहा वेळा सांगावं, गाडीतून उतर म्हणावं, मी येते तुला घ्यायला म्हणावं.

आणि मला तर लख्ख आठवत होतं.

"आठवते मले," मी म्हटलं. "पण मी सांगणार नाही."

"आई, असं काय करतं? एक डाव सांग. फक्त एक डाव."

"नाही."

"मी काय डॉक्टरकडची पेशंट आहे काय?"

"नाही. अन् होऊ पण देणार नाही."

कंडक्टरनं घंटी मारली. "लय दुष्ट आहे तू," ती रडवेल्या, चिडक्या आवाजात म्हणाली आणि फोन कापला. लहानपणापासून ती मला असं कधीच बोलली नव्हती.

संध्याकाळी पोचल्याचा फोन तिनं मला केला नाही, यांना केला. यांनी तो मोठ्या आवाजावर लावला. खोली बरी आहे, पंखा खडखड करतो, शेजारची मुलगी वर्ध्याची आहे, मेसमध्ये वांगं आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. तिनं यांना ते विचारलं नाही. सगळं बोलली, तेवढं विचारलं नाही. मग 'ठेवते बाबा, भूक लागली' म्हणून तिनं ठेवून दिला.

"काऊन वं, तुह्याशी नाही बोलली ते?" यांनी विचारलं.

"रागावली आहे माह्यावर," मी म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की मी पदरात तोंड घालून रडले.